हिंदुराव मिस्त्रीचे दोन टोले

"दोरी?" देशिंगकर वकील हसले. "बाई, मोटार आहे ही, विहीर नव्हे."

मी प्लग काढलेल्या भोकातून सुती दोरी वीत-वीत आत सरकवत राहिले. गाठ मारलेलं टोक तेवढं बाहेर ठेवलं, पुढं जाऊन हँडल घातलं आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. आत पिस्टन वर आला, दोरी दबली आणि हँडल अडलं. आता व्हॉल्व्हच्या खाली दोरीची गादी तयार झाली होती. वरची स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह निसटून इंजिनात पडायची भीती नव्हती.

"आमच्याकडे असंच करतात," मी म्हणाले.

"गावठी प्रकार आहे. मी केलं होतं तेव्हा दोरीबिरी काही लागली नव्हती. पिस्टन वर आणला, संपलं."

माझा हात हँडलवरच थांबला. "तुम्ही? स्प्रिंगा बदलायचं काम तुम्ही केलंय?"

"याच शेडमध्ये. एकट्यानं. झाली असतील वीस-बावीस वर्षं. तुम्ही फ्रॉकात असाल तेव्हा."

मी फ्रॉकात नव्हते. सहावीत होते आणि शाळेच्या निळ्या स्कर्टात होते. हे वकिलांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांच्या लेखी मी माने बाई होते, आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवणारी. त्यांच्या जुन्या गाडीची एक स्प्रिंग तुटली होती, रविवारी सांगलीत जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती आणि त्यांची गाडी सगळ्यात पुढं चालणार होती. हे जुनं इंजिन उघडणारं माणूस आता गावात उरलेलं नाही, म्हणून कुणीतरी त्यांना माझं नाव सुचवलं. मान्यांच्या घरात पडण्याआधी मी शालन हिंदुराव लोहार होते, हे त्या सुचवणाऱ्यानं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

हिंदुराव मिस्त्री, म्हणजे माझे आबा. गॅरेज लाइनीत त्यांचं दुकान होतं. चौऱ्याऐंशी साली याच गाडीचे ब्रेक त्यांनी करून दिले. महिन्याभरानं वकील आपले मित्र नातू डॉक्टर आणि डॉक्टरांची बायको यांना घेऊन रत्नागिरीला निघाले. आंबा घाटाच्या चढाला इंजिनात व्हॉल्व्ह पडला, पिस्टन फुटला, गाडी उलटी घरंगळत येऊन कठड्याला धडकली. डॉक्टरांच्या बायकोचा हात मोडला. वकील लाइनीत आले आणि एकेका दुकानापुढं उभं राहून सांगत सुटले, की स्प्रिंगांचं काम हिंदुरावनं केलं होतं आणि त्याच्या हाताला आता कंप सुटलाय.

डॉक्टरही आले. सगळ्या लाइनीसमोर त्यांनी आबांना विचारलं, दारू पिऊन काम करतोस का? आयुष्यात सुपारीचं खांड न खाल्लेला माझा बाप म्हणाला, "डॉक्टर, ते इंजिन मी उघडलंच न्हवतं." तेव्हा वकील पुढं झाले, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाले, "जाऊ दे हिंदुराव. चूक माणसाच्याच हातनं होते. मी कोर्टात जाणार नाही. माफ केलं तुला."

त्या माफीनं आमचं दुकान बसवलं. वकील खोटं बोलून माफ कशाला करेल, असं लोकांनी धरलं. हिंदुरावकडं गाडी दिली तर घाटात पायी चालायची तयारी ठेवा, असं पानपट्टीवर बोलू लागले. शाळेत पोरं मला बघून उलटी चालायची. दोन वर्षांनी आबांनी शटर ओढलं ते ओढलंच. पुढं तेलाच्या घाण्यावर वॉचमन म्हणून त्यांनी जन्म काढला.

आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यातलीच. आठवीत असताना एकदा जेवताना मी विचारलं होतं, "आबा, खरंच हात थरथरला हुता का तुमचा?" आबांनी ताटातला घास पुरा केला, हात धुतला आणि उठून गेले. उत्तर दिलं नाही. उत्तर नाही म्हणजे काय ते मी समजून घेतलं, आणि चुकीचं समजून घेतलं.

डोळे उघडले ते वर्तमानपत्रानं. फेरीच्या निमित्तानं वकिलांची मुलाखत छापून आली होती. शेवटचं वाक्य असं होतं: गाडी घेतल्यापासून तिच्या इंजिनाला मी परका हात लागू दिलेला नाही. ते कात्रण माझ्या हत्यारांच्या पिशवीत होतं. परका हात लागलाच नव्हता, तर चौऱ्याऐंशी साली स्प्रिंगा कुणी बसवल्या? कात्रण हातात धरून मी स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते कोण जाणे. भाजी करपली एवढं आठवतंय. दुसऱ्याच दिवशी वकिलांचा फोन आला आणि मी म्हणाले, "येते की. शुक्रवारी सुट्टीच हाय मला."

आठ व्हॉल्व्ह, आठ जागच्या स्प्रिंगा. तुटली होती एकच, पण एक म्हातारी झाली म्हणजे बाकीच्याही झाल्या, म्हणून सगळ्या बदलायच्या होत्या. स्प्रिंग दाबायची, वरच्या टोपीतून दोन बारके लॉक काढायचे, जुनी स्प्रिंग काढून नवी बसवायची आणि पुन्हा दाबून लॉक खाचेत घालायचे. लॉक म्हणजे शेंगदाण्याच्या पाकळीएवढी लोखंडाची दोन अर्धुकं. सगळा व्हॉल्व्ह त्यांच्या जिवावर लटकतो. एक अर्धुक जरी खाचेच्या बाहेर राहिलं, तरी गाडी चालू होते, गावात आठ-पंधरा दिवस पळतेसुद्धा. घाटात मात्र दगा देते.

पहिल्या दिवसापासून माझ्या मनात एक काळं होतं. एक अर्धुक असंच अर्धवट बसवायचं, वर ग्रीस थापायचं आणि वकिलांना हसून नमस्कार करायचा. पुढचं आंबा घाट बघून घेईल. हा विचार मी दोन रात्री उशाला घेऊन झोपले होते आणि मला झोप चांगली लागली होती. पण वकील स्वतःच "मी केलं होतं" म्हणाले, आणि मला त्याहून चांगलं काहीतरी दिसलं.

पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही स्प्रिंगा बसल्यावर मी पिशवीतून आबांची बाभळीच्या दांड्याची हातोडी काढली. व्हॉल्व्हच्या डोक्यावर दोन टोले मारले, ठक, ठक. मग दुसऱ्यावर. मगच दोरी बाहेर ओढली.

"हे कशाला?" खुर्चीतून वकिलांनी विचारलं. वेताची खुर्ची, हातात घडी केलेला पेपर. उंटावरून शेळ्या हाकायचं काम त्यांनी सकाळपासून मन लावून केलं होतं.

"वडलांची खोड हाय. टोले मारल्याबिगर दोरी काढायची न्हाई म्हणायचे."

"त्यांना सांगा, इंजिन म्हणजे नारळ नव्हे. मी काही टोले मारले नव्हते."

"न्हाई मारलं?" मी म्हणाले. "बरं."

तिसरा सिलिंडर होईतो अकरा वाजले आणि फाटक वाजलं. दर शुक्रवारी अकराला नातू डॉक्टर कॉफीला येतात, हे सकाळीच वकिलांच्या बोलण्यात आलं होतं. डॉक्टर आता पाठीत वाकले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. दुसरी खुर्ची आली, कॉफी आली, तोवर माझी सातवी स्प्रिंग बसली.

"साहेब," मी कपाळ पुसत म्हणाले, "शेवटचा एक तुम्हीच बसवा की. तुमचा हात बसलेला हाय. मलाबी शिकायला मिळंल."

सुज्ञ माणूस नको म्हणाला असता. पण मित्र समोर बसलेला, शिकवायला एक बाई मिळालेली आणि रविवारी पेपरवाले येणार. वकील बाह्या सारून उठले. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

"बघ रे डॉक्टर. त्या वेळी तू म्हणत होतास, वकिलाला स्क्रू तरी पिळता येतो का."

त्यांनी लॉकवर ग्रीसचा गोळा थापला, म्हणजे अर्धुकं घसरत नाहीत. मी स्प्रिंग दाबून धरली. त्यांनी एक अर्धुक आत घातलं, दुसरं बोटानं ढकललं. ग्रीसखाली काय झालं ते त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. दुसरं अर्धुक खाचेच्या केसभर वर राहिलं होतं.

"सोडा," ते म्हणाले. मी दाब सोडला. स्प्रिंग जागेवर उभी राहिली. चांगली दिसत होती.

"मागच्या खेपेला पण असंच बसवलं होतं, साहेब?"

"अगदी असंच. आठही."

"म्हणजे चौऱ्याऐंशीला."

"हो, चौऱ्याऐंशीच. गणपतीच्या आधी."

कॉफीचा कप डॉक्टरांच्या तोंडाशी गेला होता, तो तिथंच राहिला. मी हातोडी उचलली.

"डॉक्टर, जरा मागं सरा. तुमच्या घरात एकदा हात मोडलाय."

पहिल्या टोल्याला काही झालं नाही. दुसऱ्या टोल्याला टोपी उडाली ती वरच्या पत्र्यावर आपटली, स्प्रिंग शेडच्या कोपऱ्यात गेली आणि एक अर्धुक माझ्या चपलेपाशी येऊन पडलं. व्हॉल्व्ह मात्र दोरीवर जागच्या जागी बसून होता. शेडमध्ये थोडा वेळ पत्रा तेवढा वाजत राहिला.

"ही खोड हिंदुराव मिस्त्रीची," मी म्हणाले. "मी त्याची मुलगी."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "श्रीनिवास," ते म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस की त्यानं केलं."

"अरे, बावीस वर्षं झाली त्याला."

"मी त्या माणसाला दारुडा म्हणालो. चारचौघांत."

"तुझी बायको मागं कण्हत होती, तू माझ्यावर ओरडत होतास. काहीतरी सांगायला हवं होतं." मग वकिलांना आपला धंदा आठवला. "आणि बाई, कायद्यानं अशा गोष्टीला मुदत असते. ती कधीच संपली."

"तुमची संपली," मी म्हणाले. "आमची चालू हाय."

मी ते अर्धुक उचललं, चिंधीनं पुसलं आणि काड्यापेटीत घालून पेटी पिशवीत टाकली. कात्रण त्यांच्या पेपरवर ठेवलं. हत्यारं गोळा केली. इंजिन तसंच उघडं, दोरीचं टोक बाहेर लोंबतंय.

"हे काय? काम पुरं करा. परवा फेरी आहे."

"लॉक हिंदुराव मिस्त्रीच्या घरी मिळंल. माणूस धाडू नका, स्वतः या."

"ही चोरी आहे."

"हाय. फिर्याद द्या. तिच्यात सगळं लिवावं लागंल, तेवढं बघा."

दुकानामागच्या माहेरी मुक्कामाला जाऊन मी काड्यापेटी आबांच्या हातात दिली आणि घडलेलं सांगितलं. आबा तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते. बंद शटरपुढं स्टुलावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी अर्धुक उजेडात धरून बघितलं, सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. रात्री जेवतानाही एक शब्द नाही. मला वाटलं, त्यांना आवडलं नाही. आबा मऊ माणूस. वकील येतील, हात जोडतील, आबा "जाऊ द्या" म्हणतील आणि माझ्या सगळ्या जाळाचं पाणी होईल. त्या विचारानं मला आबांचाच राग आला.

शनिवारी सकाळी वकिलांचा ड्रायव्हर आला. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. चार वाजता डॉक्टरांच्या गाडीतून वकील स्वतः आले. गॅरेज लाइनीत पांढरी पँट घालून कुणी आलं की हातातले पाने थांबतात, तसे ते थांबले.

"बसा," आबा म्हणाले. बसायला काही नव्हतं. दोघं उभेच राहिले.

आधी डॉक्टर बोलले. "हिंदुराव, मी तुम्हाला नको ते बोललो."

"तुमचं काय न्हाई, डॉक्टर. तुम्हाला सांगितलं ते तुम्ही मानलं. बाईंचा हात कसा हाय?"

"पावसाळ्यात दुखतो."

"दुखणारच."

मग वकील. मान जरा खाली घालून, कोर्टात नरमाईनं बोलावं लागतं तसे ते बोलले. "हिंदुराव, माझ्याकडून अन्याय झाला. मी माफी मागायला आलोय."

"माफी तुमची तुमच्यापाशी ठेवा," आबा म्हणाले. "एकदा दिली हुतीसा मला. ती अजून पचली न्हाई."

मी आबांकडं बघतच राहिले. आवाज चढलेला नव्हता. हातातली शेंग फुटली, दाणे वाटीत पडले.

"तुमचं फुटकं इंजिन भंगारवाल्याकडं आलं हुतं तवा मी जाऊन बघितलं, वकीलसाहेब. सात व्हॉल्व्हांच्या डोक्यावर एक वण न्हाई. माझ्या हातनं गेलेल्या व्हॉल्व्हावर टोल्याचा वण असतोयच. मला तवाच ठावं हुतं."

"मग बोलला का नाहीस तू?" वकिलांनी विचारलं.

"बोललो की. तुमच्यापुढं मिस्त्रीचं कोण ऐकतंय?" आबांनी वाटी बाजूला ठेवली. "लाइनीत एकुणीस दुकानं हायत. तवा एकेका दुकानापुढं उभं ऱ्हाऊन सांगितलंसा. आताबी तसंच सांगा. मी हितंच बसतो."

"हिंदुराव, अहो, त्यातली निम्मी माणसं आज हयात नाहीत."

"पोरं हायत की त्यांची. बापाकडनं तेच ऐकल्यात."

वकिलांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर शटरवरच्या जुन्या रंगाकडं बघत होते, तिथं आबांचं नाव अजून पुसट दिसत होतं. मग वकील वळले आणि पहिल्या दुकानाकडं निघाले. लेथवाल्या बागवानाचं ते दुकान. त्याच्यापुढं उभं राहून त्यांनी सांगितलं, की चौऱ्याऐंशी साली गाडीचं ते काम मी स्वतः केलं होतं, हिंदुराव मिस्त्रीचा त्यात हात नव्हता, मी खोटं बोललो.

आबांनी माझ्या पिशवीतून हातोडी मागून घेतली आणि बसल्या जागेवरून शटरच्या पट्टीवर दोन टोले मारले. ठक, ठक. वकील दचकले. मग दुसऱ्या दुकानाकडं गेले. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा दोन टोले. तिसऱ्यापर्यंत सगळी लाइन बाहेर येऊन उभी राहिली होती. कुणी हसत नव्हतं.

सातव्या दुकानाशी वकील पुटपुटले. दुकानदाराचा कान त्यांच्या तोंडाशी असेल-नसेल, त्यांनी उरकलं आणि पुढं निघाले. टोले पडले नाहीत. वकील दोन पावलं चालले आणि थांबले. मागं वळून बघितलं. आबा हातोडी मांडीवर ठेवून शांत बसले होते. वकील परत सातव्या दुकानापुढं गेले आणि पंक्चरवाल्याला, पार पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग टोले पडले.

मला किती बरं वाटलं ते लिहायची लाज वाटत नाही. बावीस वर्षं पोरं माझ्यापुढं उलटी चालली, ते प्रत्येक पाऊल त्या टोल्याबरोबर फिटत होतं. एकोणिसावं दुकान झालं तेव्हा वकिलांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते परत आले आणि त्यांनी हात पुढं केला.

आबांनी खिशातून अर्धुक काढलं, धोतराला पुसलं आणि वकिलांच्या हातावर न ठेवता माझ्या हातावर ठेवलं. "जा, बसवून दे. नीट बसव. गाडी उद्या पुढं पळाय पाहिजे."

वकील आणि डॉक्टर गाडीत जाऊन बसले. मी पिशवी उचलली. आबा अजून हातोडी हातातून सोडत नव्हते.

"हातोडी द्या की, आबा. टोल्याला लागंल."

"इसावं ऱ्हायलंय."

"एकुणीसच दुकानं हायत. सगळी झाली."

"आपलं धरून ईस."

मी शटरकडं बघितलं. "पण वकील गाडीत बसले. बोलवू का परत?"

"वकिलाचं न्हाई," आबा म्हणाले. "तुझं."

मला आठवीतलं ते ताट आठवलं. आबांनी पुरा केलेला घास आठवला. एवढी वर्षं मी वकिलांचा हिशेब धरून बसले होते, आणि आबांनी लाइन मोजताना स्वतःचं घर वगळलं नव्हतं.

"आबा," मी म्हणाले, "ते इंजिन तुम्ही उघडलं नव्हतं. तुमचा हात थरथरला नव्हता."

आवाज आबांपलीकडं गेला नाही. आबा माझ्याकडं बघत राहिले. हातोडी मांडीवरून हलली नाही. बागवान, पंक्चरवाला, गाडीतले दोघं, सगळे तिथंच होते.

मी पिशवी खाली ठेवली, शटरपुढं सरळ उभी राहिले आणि पुन्हा सांगितलं, या खेपेला पार टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

आबांनी दोन टोले मारले आणि हातोडी माझ्याकडं दिली.